सोपाऱ्याच्या घरिणी



चर्चगेटहून निघालेली विरार लोकल वसई रोड सोडते आणि पुढचं स्टेशन येतं ते नालासोपारा. आपल्यापैकी कितीतरी जणी रोज तिथे चढतात, उतरतात. नालासोपारा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काय येतं ते आपल्याला ठाऊक आहे. गर्दी, टँकर, दाटीवाटीच्या इमारती आणि पावसाळ्यात रुळांवर साचलेलं पाणी. मुलीच्या लग्नाची बोलणी असोत की नोकरीचा अर्ज, पत्ता सांगताना आपल्यातल्या बऱ्याच जणी हळूच ‘विरारजवळ’ किंवा नुसतं ‘वसई’ म्हणून वेळ मारून नेतात.

म्हणूनच आजचं बोलणं या नावाबद्दल आहे. ‘नाला’ आणि ‘सोपारा’ या दोन गावांची नावं जोडून स्टेशनचं नाव झालं. त्यातलं सोपारा हे नाव दोन हजार वर्षांहूनही जुनं आहे. मुंबई शहर म्हणून उभी राहण्याच्या कितीतरी आधी इथे बंदर होतं, बाजार होता, भिक्षूंचे विहार होते आणि परमुलखातून येणारी गलबतं होती. संस्कृतात या शहराला शूर्पारक म्हणत, पाली ग्रंथांत ते सुप्पारक आहे, लेण्यांमधल्या शिलालेखांत सोपारक. ग्रीक दर्यावर्दींनी त्याचं सुप्पारा केलं आणि अरबांनी सुबारा. एवढ्या लोकांनी आपापल्या जिभेला वळवून घेतलेलं हे नाव आपणच का लपवावं?

आता ‘शूर्प’ म्हणजे काय? शूर्प म्हणजे सूप. हो, आपल्या घरातलं धान्य पाखडायचं सूप. शहराच्या नावात सूप कसं आलं याचा नक्की उलगडा होत नाही, पण गंमत पुढेच आहे. इथल्या जुन्या स्तूपाच्या ढिगाऱ्याला गावकरी पिढ्यान्‌पिढ्या ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत आले. बुरुड म्हणजे बांबूच्या टोपल्या, सुपं, रोवळ्या विणणारा कारागीर. आत काय पुरलं आहे हे लोक विसरून गेले होते, पण त्यांनी त्या टेकाडाला राजा दिला तो टोपल्या विणणारा. गावच्या आठवणीने कष्टकऱ्याला मुकुट घातला, ही गोष्ट लक्षात ठेवू या.

आज आपणही सूपच हातात घेऊ. सोपाऱ्याच्या कथा एका बाजूला आणि दगडावर, नाण्यांवर मिळालेला इतिहास दुसऱ्या बाजूला, असं पाखडत जाऊ. कथा म्हणजे फोल आणि इतिहास म्हणजे दाणा, इतकं ते सोपं नाही. कथेतून कळतं की लोकांना काय महत्त्वाचं वाटत होतं. फक्त कुठली गोष्ट कथा आहे आणि कुठली पुराव्याची, हे आपण वेगवेगळं ठेवायचं.

आधी जागा समजून घेऊ. आज सोपाऱ्याहून समुद्र लांब आहे, मग बंदर कसं? उत्तरेला वैतरणा नदीचं मुख आहे, दक्षिणेला वसईची खाडी. या दोन्हींच्या मध्ये एक खाडी होती आणि तिच्यामुळे वसईचा सारा पट्टा बेटासारखा वेगळा झाला होता. सोपारा या खाडीच्या काठावर. उघड्या समुद्राच्या लाटा आणि वारा लागणार नाही, पण भरतीबरोबर गलबत आत येईल, अशी ही आडोशाची जागा. इथून कल्याणमार्गे नाणेघाट चढला की जुन्नर, आणि तिथून पुढे पैठण. घाटावरचा माल खाली यायचा आणि दर्यावरचा माल वर जायचा. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दीच्या टिपणात, ज्याला ‘पेरिप्लस’ म्हणतात, भडोचच्या दक्षिणेच्या बाजारगावांत सुप्पारा आणि कल्याण यांची नावं आहेत.

हे झालं पुराव्याचं. आता कथा. कोकणात परशुरामाची गोष्ट कोणाला माहीत नाही? सगळी पृथ्वी दान केल्यावर परशुरामाला राहायला जागा उरली नाही, तेव्हा समुद्र मागे हटला. महाभारताच्या शांतिपर्वात समुद्राने परशुरामासाठी मोकळ्या केलेल्या या भूमीचं नाव शूर्पारकच दिलं आहे. वनपर्वात पांडवही तीर्थयात्रा करत शूर्पारकाला येऊन जातात. समुद्र मागे सरकून जमीन वर येते, हे खाडीकाठच्या माणसाला काही नवल नाही. गाळ साचतो, खाजणाला बांध पडतो, काल जिथे होडी होती तिथे उद्या भातशेती होते. परशुरामाची कथा आपल्याकडे इतकी रुजली, ती किनारा असा हलताना पिढ्यान्‌पिढ्यांनी डोळ्यांनी पाहिला म्हणूनही असेल.

आता दगडाकडे येऊ. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, म्हणजे सुमारे बावीसशे वर्षांपूर्वी, सम्राट अशोकाने आपल्या आज्ञा राज्यभर मोठमोठ्या खडकांवर कोरून घेतल्या. त्यांतल्या आठव्या लेखाचा एक तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यात भातेला तळ्याजवळ सापडला. पुढे १९५६ साली जवळच्या भुईगावात नवव्या लेखाचा दगड मिळाला. हे दगड आता मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. राजाज्ञा वाटेल तिथे कोरत नाहीत. जिथे माणसांची ये-जा असते, चार लोक वाचतील, वाचून दुसऱ्यांना सांगतील, तिथे कोरतात. त्यावरून त्या काळी सोपारा केवढं मोठं ठिकाण होतं ते कळतं.

मैत्रिणींनो, तो नववा लेख आपण नीट ऐकायला हवा, कारण तो आपल्याबद्दल आहे. हाच मजकूर गिरनार, कालसी इथल्या खडकांवरही आहे. त्यात अशोक म्हणतो ते आपल्या शब्दांत सांगायचं तर असं. आजारपणात, मुलामुलींच्या लग्नात, मूल जन्मल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना प्रकारचे मंगलविधी करतात. त्यातही बायका तर पुष्कळच करतात, आणि ते क्षुल्लक आणि निरर्थक असतात. विधी करू नयेत असं तो म्हणत नाही, पण त्यांचं फळ थोडं, असं म्हणतो. मोठ्या फळाचं मंगल कोणतं? तर दासांशी आणि नोकरांशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांचा मान राखणं, प्राणिमात्रांशी संयमाने वागणं, श्रमण-ब्राह्मणांना दान देणं. आणि हे चांगलं आहे असं लोकांना कोणी सांगावं? बापाने, मुलाने, भावाने, धन्याने, मित्राने, शेजाऱ्याने. या यादीत आई नाही, बहीण नाही, बायकोही नाही.

बावीसशे वर्षांपूर्वीची ही तक्रार किती ओळखीची वाटते! ‘बायकांचं आपलं काहीतरी चालूच असतं,’ हे वाक्य आजही घरोघर ऐकू येतं. पण हा लेख बंदराच्या गावात उभा होता, हे विसरू नका. घरातला माणूस दर्यावर गेला की महिनोन्‌महिने त्याची खबर नाही. वादळ आलं तर काय करणार? आजार आला तर वैद्य मिळेलच असं नाही. बाळंतपणात बाई वाचेलच असं नाही. लेखात सांगितलेले प्रसंग पाहा. आजारपण, लग्न, जन्म, प्रवास. माणसाच्या हातात काही नसतं असे हे प्रसंग आहेत, आणि त्यांची काळजी वाहायचं काम बायकांकडे असे. ज्याच्याकडे सैन्य आहे त्याला दिवा लावणं क्षुल्लक वाटू शकतं. तरीही सूप हातात आहे तर न्यायाने पाखडू. दासांशी आणि नोकरांशी नीट वागा, हे त्या लेखातलं अस्सल टपोरं धान्य आहे. ते ठेवू या, कारण आता येणारी कथा एका दासीचीच आहे.

ही कथा ‘दिव्यावदान’ नावाच्या संस्कृत बौद्ध ग्रंथात आहे. शूर्पारकात भव नावाचा एक श्रीमंत व्यापारी राहत होता. तो आजारी पडला, चिडचिड करू लागला, तेव्हा बायको आणि मुलं त्याला सोडून बाजूला झाली. घरातल्या एका दासीने मात्र वैद्याला विचारून औषधं आणली, त्याची सेवा केली आणि त्याला बरं केलं. त्याने विचारलं, तुला काय देऊ? तिला त्याच्यापासून झालेलं मूल हवं होतं. त्यामागचा हेतू आपल्याला कळण्यासारखा आहे. दासीच्या जगण्याला आधार तरी कशाचा? त्या मुलाचं नाव पूर्ण. कथेत त्या आईला नाव नाही. पुढे भाऊ वेगळे निघाले तेव्हा कोणी घर घेतलं, कोणी दुकान घेतलं आणि वाटणीत पूर्णालाही एक वाटा म्हणून मोजलं, कारण तो दासीचा मुलगा. थोरला भाऊ भविल मालमत्ता सोडून पूर्णाला घेऊन बाहेर पडला.

आता त्या बिऱ्हाडात खायला काही नाही. मुलं भुकेली. तेव्हा भविलच्या बायकोने आपल्या वस्त्राच्या टोकाला गाठ मारून ठेवलेली किरकोळ नाणी पूर्णाच्या हातावर ठेवली आणि मुलांसाठी काही आण म्हणून सांगितलं. पूर्ण बाजारात गेला तर समुद्रातून वाहत आलेली लाकडं घेऊन एक माणूस थंडीने कुडकुडत येत होता. त्या मोळीत पूर्णाला गोशीर्ष नावाचं अतिशय मोलाचं चंदन दिसलं. त्याने मोळी विकत घेतली. पुढे राजाला दाहज्वर झाला, वैद्यांनी तेच चंदन सांगितलं, आणि पूर्ण श्रीमंत झाला. म्हणजे शूर्पारकातल्या या मोठ्या व्यापाऱ्याचं पहिलं भांडवल कोणतं? वहिनीच्या पदराच्या गाठीतले पैसे! बचत गट चालवणाऱ्या आपल्या मैत्रिणींना हे वेगळं समजावून सांगायला नको.

पूर्णाने अनेक समुद्रसफरी केल्या. एका सफरीत त्याच्या गलबतावर श्रावस्तीचे व्यापारी होते. ते पहाटे काही म्हणत. पूर्णाला वाटलं, गाणी आहेत. ते म्हणाले, हे बुद्धाचं वचन आहे. पूर्ण श्रावस्तीला गेला आणि भिक्षू झाला. धर्म सांगायला आपल्याच मुलखात जायचं त्याने ठरवलं, तेव्हा बुद्धांनी त्याची परीक्षा घेतली, ती गोष्ट पाली ग्रंथातही आहे. तिथले लोक रागीट आहेत, ते शिव्या देतील. पूर्ण म्हणाला, मारत तर नाहीत, म्हणजे चांगले आहेत. मारलं तर? शस्त्राने तर मारत नाहीत. असं करत करत जीव घेण्यापर्यंत प्रश्न गेले आणि पूर्ण शांतच राहिला. दासीच्या मुलाला, ज्याला भावांनी वस्तू म्हणून मोजलं, त्याला अपमान गिळण्याची सवय वेगळी लावावी लागली नसेल.

मग पूर्णाच्या भावांनी शूर्पारकात चंदनाचा प्रासाद बांधला आणि बुद्ध तिथे आले, अशी कथा पुढे जाते. येताना वाटेत एका ठिकाणी पाचशे घरिणी राहत होत्या. घरिणी म्हणजे गृहिणी. त्यांनी बुद्धांना विनंती केली, आम्हाला पूजायला काहीतरी द्या. बुद्धांनी आपले केस आणि नखं दिली. त्या बायकांनी त्यावर स्तूप उभारला आणि लोक त्याला ‘घरिणी स्तूप’ म्हणू लागले. ऐकायला किती बरं वाटतं! राजांच्या, श्रेष्ठींच्या नावांच्या गर्दीत हा गृहिणींचा स्तूप. पाचशे जणींपैकी एकीचंही नाव कथेत नाही, पण त्यांच्या कामाला मात्र त्यांचंच नाव लागलं.

श्रीलंकेच्या ‘महावंस’ या ग्रंथात आणखी एक गोष्ट येते. विजय नावाच्या राजपुत्राला त्याच्या दांडगाईमुळे बापाने सातशे साथीदारांसह गलबतात घालून देशाबाहेर काढलं. त्यांच्या बायका दुसऱ्या गलबतात, मुलं तिसऱ्या. तिन्ही गलबतं वेगवेगळीकडे गेली. विजय सुप्पारकाला लागला, पण तिथेही त्याच्या लोकांनी दंगाच केला, म्हणून त्याला तिथूनही निघावं लागलं आणि तो लंकेला पोहोचला. बायका ज्या बेटाला लागल्या त्याचं नाव महिलादीपक पडलं. ग्रंथ पुढे विजयाबरोबर जातो. गुन्हा पुरुषांचा आणि शिक्षा बायकामुलांनाही, त्यातही ताटातूट. त्या बायकांचं पुढे काय झालं, मुलं त्यांना पुन्हा दिसली का, हे विचारायला आपण मोकळ्या आहोत.

शेवटची कथा जैन परंपरेतली आहे, आणि आमच्या मनाला ती सर्वांत जास्त लागते. बारा वर्षांचा दुष्काळ पडला होता. सोपाऱ्यात जिनदत्त नावाचे श्रावक आणि त्यांची पत्नी ईश्वरी राहत होती. पैसा होता, पण धान्य मिळेना. अखेर एक लाख मोजून एकदाच्या जेवणापुरता तांदूळ मिळाला. ईश्वरीने तो शिजवला. भुकेने तिळतिळ मरण्यापेक्षा या अन्नात विष कालवून सगळ्यांनी शेवटचं जेवावं, असं घरात ठरलं. ती विष मिसळणार इतक्यात वज्रसेन मुनी भिक्षेला दारात आले. त्यांच्या गुरूंनी सांगून ठेवलं होतं की लाखाच्या अन्नाची भिक्षा ज्या दिवशी मिळेल त्याच्या दुसऱ्या दिवशी सुबत्ता येईल. त्यांनी ईश्वरीला थांबवलं. आणि दुसऱ्या दिवशी धान्याने भरलेली गलबतं बंदराला लागली. पुढे त्या कुटुंबाने दीक्षा घेतली, आणि नागेंद्र, चंद्र, निर्वृती आणि विद्याधर या त्यांच्या चार मुलांपासून जैन साधूंची चार कुळं सुरू झाली असं मानतात.

या सगळ्या कथांमध्ये नाव असलेली बाई ही एकच, ईश्वरी. बंदर म्हणजे काय, हे तिच्या स्वयंपाकघरातून जितकं समजतं तितकं नुसत्या व्यापाराच्या याद्यांतून समजत नाही. पेरिप्लस आपल्याला सांगतो की सुप्पारा बाजारगाव होतं. ईश्वरीची कथा सांगते की गलबत वेळेवर आलं नाही तर चुलीवर काय शिजतं.

आता पुन्हा पुराव्याकडे. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने शूर्पारक, भडोच, गोवर्धन अशा ठिकाणी धर्मशाळा बांधल्या, डहाणूच्या नदीसकट अनेक नद्यांवर फुकट तरीची सोय केली आणि शूर्पारकातल्या रामतीर्थासह चार ठिकाणच्या परिषदांना नारळाची ३२ हजार झाडं दिली, असं त्यात कोरलं आहे. आपल्या वाड्यांमधल्या माडांची वंशावळ किती मागे जाते पाहा. त्याच लेण्यात उषवदाताची पत्नी दक्षमित्रा हिनेही आपल्या नावाने खोली दान दिल्याचा लेख आहे. तिकडे नाणेघाटात पाण्याची एक पोढी, म्हणजे दगडात खोदलेलं टाकं, सोपाऱ्याच्या गोविंददासाने दिल्याचं लिहिलं आहे. सोपाऱ्याच्या माणसाने घाट चढून थकलेल्यांसाठी पाणी ठेवलं. आपल्या गावाची दगडावर कोरलेली ओळख अशी पाणी पाजणाऱ्याची आहे.

आणि तो बुरुड राजाचा कोट? १८८२ सालीच भगवानलाल इंद्रजींनी तो खणला. मूळचे जुनागढचे भगवानलाल, डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याबरोबर काम करून तयार झालेले विद्वान. ढिगाऱ्याच्या पोटात विटांच्या कोठीत एक मोठा गोल दगडी करंडा निघाला. त्याच्या आत मधोमध तांब्याचा करंडा आणि त्याच्याभोवती ब्राँझच्या आठ छोट्या मूर्ती, सात बुद्धांच्या आणि येणाऱ्या मैत्रेयाची. तांब्याच्या आत चांदीचा, त्याच्या आत दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा करंडा. सोन्याची फुलं होती. गौतमीपुत्र यज्ञ सातकर्णीचं चांदीचं नाणं होतं. आणि एवढ्या सगळ्या किमती वेष्टनांच्या आत, सोन्याच्या त्या शेवटच्या डबीत काय जपलं होतं? मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे. ते बुद्धांच्या भिक्षापात्राचे असावेत, असं भगवानलालांनी सांगितलं. ते पात्र खरोखर बुद्धांचंच होतं का, याची खात्री आज कोणी देऊ शकणार नाही. पण ते तसं मानणाऱ्यांनी सोनं बाहेर ठेवलं आणि माती आत ठेवली, हे मात्र डोळ्यांनी पाहण्यासारखं आहे. हे सगळे करंडे मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहेत.

मग एवढं मोठं बंदर गेलं कुठे? कुठल्या एका लढाईत ते बुडालं नाही. खाडी गाळाने भरत गेली आणि मोठी गलबतं आत येईनाशी झाली. शिलाहारांच्या काळातही सोपारा नांदतं होतं. चक्रेश्वराच्या देवळातली ब्रह्मदेवाची उभी मूर्ती पाहिली की त्या काळच्या वैभवाचा अंदाज येतो. पण हळूहळू व्यापार दुसऱ्या बंदरांकडे सरकला. १५३४ साली गुजरातच्या सुलतानाने वसई पोर्तुगिजांना दिली, किल्ला वाढला, १७३९ साली चिमाजी अप्पांनी तो जिंकला, आणि इतिहासाच्या पुस्तकांत वसई राहिली. सोपारा वाड्यांचं, तळ्यांचं, केळीचं गाव होऊन मागे राहिलं.

आमचं खरं सांगणं इथेच आहे. बंदर गाळाने हळूहळू बुजलं, तसंच आता आपल्या डोळ्यांदेखत दुसरं काही बुजतं आहे. वसईच्या वाड्यांमधली बावखलं आपल्याला माहीत आहेत. पावसाचं गोडं पाणी साठवणारी, विहिरींना पाझर देणारी, खाऱ्या पाण्याला जमिनीत शिरू न देणारी ही तळी. समुद्राशेजारी राहून गोडं पाणी कसं टिकवायचं, हे ज्ञान त्यांत आहे. त्यातली कितीतरी भराव टाकून बुजवली गेली आणि वर इमारती उभ्या राहिल्या. ज्या गावच्या माणसाने नाणेघाटात वाटसरूंना टाकं दिलं, त्या गावच्या बायका आज टँकरमागे हंडे घेऊन उभ्या राहतात. बावखल बुजवताना त्याचं नाव कोणी लिहून ठेवलं का? कुठल्या वाडीचं ते, कोणी खणलं, त्यावर रहाट कोणाचा होता? हे सांगू शकणाऱ्या आज्या अजून आपल्यात आहेत. कुपारी, वाडवळ, कोळी, आगरी, भंडारी, मुसलमान, ख्रिस्ती, सगळ्या घरांत आहेत.

आणि ज्या गेल्या वीस-तीस वर्षांत इथे आल्या त्यांचं काय? कोकणातून, घाटावरून, गुजरातेतून, उत्तरेतून आलेल्या, चाळीत एका खोलीत संसार मांडलेल्या मैत्रिणी आम्हाला म्हणतात, ‘हा इतिहास तुमचा, गावकऱ्यांचा. आम्ही बाहेरच्या.’ त्यांना आमचं सांगणं असं, की सोपाऱ्याच्या कथांत बाहेरचं कोण नाही ते शोधून दाखवा. परशुराम बाहेरून आला. अशोकाची आज्ञा मगधाहून आली. बाहिय दारुचीरिय नावाचा माणूस गलबत फुटून अंगावर धड वस्त्र नसताना या किनाऱ्याला लागला आणि लाकडाच्या साली नेसून राहिला, त्यालाही सुप्पारकाने जेवू घातलं, असं पाली ग्रंथ सांगतात. ईश्वरीचं घर वाचलं ते बाहेरून आलेल्या धान्याने. बंदराचं गाव येणाऱ्यांमुळेच होतं. उद्या कोणी तुम्हाला ‘मूळच्या कुठल्या?’ असं खोचून विचारलं, तर खुशाल सांगा, सोपाऱ्याच्या.

अशोकाच्या यादीत सांगणाऱ्यांमध्ये आई नव्हती. आपल्या यादीत ती पहिली असू दे. म्हणून एक काम देतो. घरात एक वही करा. आपल्या आळीतलं तळं, विहीर, बावखल, वाडी, वाटेवरचा देव, क्रूस, दर्गा, यांची नावं आणि त्यांच्याबद्दल ऐकलेली गोष्ट लिहा. सांगणारीचं नाव आठवणीने लिहा, कारण नावं राहत नाहीत हे आज आपण पाहिलंच. नव्याने आलेल्या मैत्रिणींनी आपण कुठून, कधी, कशा आलो ते लिहावं. लिहिता येत नसेल तर आमच्या केंद्रावर या, आम्ही आवाज नोंदवून घेऊ. मुलांना सुट्टीत एकदा बुरुड राजाच्या कोटावर घेऊन जा. बुद्धपौर्णिमेला तिथे उपासक-उपासिका जमतात, तेव्हाही जाता येईल. जमलं तर मुंबईला संग्रहालयात नेऊन आपल्या गावचे ते दगड दाखवा. आणि पुढच्या वेळी कोणी पत्ता विचारला, तर पूर्ण नाव सांगा. नालासोपारा.